डिमरस्टॅटवरचा हात

डिस्को मेला, असं तिकडे छापून आलं होतं म्हणे.
वास्कोला बातमी बोटीनं येते.
बातमीच्या आधी रेकॉर्ड आली,
ग्रीक बोटीवरच्या खानसाम्यानं
फेणीच्या दोन बाटल्यांवर सोडलेली,
कव्हर नाही, मधला गोल कागद खरवडलेला.

खरवडला तोलेंतिननंच,
मडगावच्या हॉटेलवाल्याला नाव कळू नये म्हणून.
मलाही मग कधी कळलं नाही.
आम्ही तिला 'धावती' म्हणायचो.

मी नाचणाऱ्यांतला नव्हे.
सावईवेऱ्याचा, देवळात बापाचा पखवाज,
मी आयटीआयचा वायरमन.
मांगोर हिलच्या उतारावर, टायरच्या गोदामाच्या माडीवर
शनिवारी माझं काम एकच:
डिमरस्टॅटवर हात ठेवून काट्याकडे बघणं.
धक्क्यावर क्रेन सुरू झाली की गावाची वीज बसायची,
एकशे नव्वद, एकशे ऐंशी,
आणि गाणारी बाई हळूहळू पुरुष व्हायची.
तोलेंतिन ओरडायचा, 'व्होल्टेज पळय रे, पात्रांव!'
मी चाक फिरवायचो.
बाई परत बाई.

मोजलं होतं मी, मनगटावरचं एचएमटी समोर धरून:
मिनिटाला एकशे बत्तीस.
बापाला सांगितलं. म्हणाला, द्रुत आहे,
पण सम कुठे?
म्हटलं, बाबा, प्रत्येक ठोका समच.
तो बराच वेळ गप्प.
मग पखवाजाला कणीक लावता लावता म्हणाला,
मग माणसं श्वास कधी घेतात?

घेत नसत.
एर्मेलिंदा, शिपयार्डातली टायपिस्ट,
चपला खिडकीत ठेवून अनवाणी नाचायची.
बार्जवरची पोरं यायची, नखांत खनिजाची लाली,
भिंतीवर हात टेकला की पाचही बोटं उठायची.
आणि ते दोघे.
बँकेतला कुंकळ्येकर, आणि लिगोर, केस कापणारा.
संथ गाण्यांना दोन भिंतींना दोघे,
हातात लिमका, गरम झालेला.
संथ गाण्याला जोडी लागते,
आणि जोडीला गावाची मान्यता.
धावतीला काहीच लागत नसे.
ती लागली की दोघे मध्ये यायचे,
समोरासमोर, हातभर अंतर राखून,
स्पर्श नाही, नजरेला नजर नाही,
एका ठोक्यावर चार टाचा, बस्स.
सात मिनिटं.
कुणाला काही दिसलं नाही.
मी तर काट्याकडे बघत होतो,
असं मी सांगत आलोय.

कुंकळ्येकराचं लग्न ठरलं त्या शनिवारी
क्रेन बंद होती, वीज भरपूर,
काटा दोनशे तीसवर शहाण्यासारखा उभा.
आणि मी चाक उलटं फिरवलं.
थोडंसंच. कळेल न कळेल इतकं.
बाईचा आवाज जरा जाड झाला,
पायांना एक केसभर उसंत मिळाली,
गाणं लांबलं. अर्धं मिनिट असेल,
जास्त नसेल.
तोलेंतिननं मान वर केली.
माझ्याकडे बघितलं, मग त्या दोघांकडे.
ओरडला नाही.
पुढची रेकॉर्ड काढायला उगाच वेळ लावला.

लिगोर पुढे बहारीनला गेला.
रेकॉर्ड कुठे गेली, कुणाला ठाऊक.
माडीवर आता कोचिंग क्लास आहे, आणि वीज
पूर्वीसारखी बसत नाही.

परवा चिखलीच्या इस्पितळात
छातीला तारा लावून मला पट्ट्यावर चालवलं.
पट्टा वेग घेत गेला, समोर आकडा चढत गेला,
एकशे दहा, एकशे वीस,
आणि एकशे बत्तीसला
खिडकीत मला चपला दिसल्या.
थांबवू का, पोरीनं विचारलं.
मी उत्तर दिलं नाही.
माझा उजवा हात हवेत,
काहीतरी गोल धरून, डावीकडे वळवत होता.
ती म्हणाली, काका,
हात दांडीवर ठेवा.